ओढ्याकाठचा वाळा

"वाळा काढलाय, आई. पिशवीत भरून ठेवलाय. उद्या घिऊन येते. आत्तींना ठाव न्हाय, तू फोनवर काय बोलू नगंस."

दाराआड चिमणाबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. सून वर्षाराणी मागच्या परड्यात उभी राहून हुपरीला, माहेरी बोलत होती. काढलाय म्हणजे? नातीच्या पायातला चांदीचा, घुंगरांचा वाळा? बारशाला चिमणाबाईनं स्वतः हौसेनं घातलेला?

ती लगबगीनं झोपलेल्या नातीपाशी गेली. दोन्ही पायांत वाळे होते. दुसऱ्या कुणाचा जीव भांड्यात पडला असता, चिमणाबाईचा पडला नाही. हुपरीची पोर! जिथं घरोघरी चांदी घडवतात, तिथून हुबेहूब दुसरे वाळे आणून घालायला कितीसा वेळ? तिनं एक वाळा दाताखाली धरून पाहिला. नात रडत उठली, आणि खरंखोटं काही कळलं नाही ते नाहीच. तीन वर्षांत सून कधी उलट बोलली नव्हती. चिमणाबाईला त्याचीच जास्त धास्ती वाटे.

सकाळी फाट्यावर एस्टी दिसली तशी चिमणाबाईनं सुनेची पिशवी धरली. चार माणसं बघत होती.

"उघड."

"आत्ती, गाडी आली की!"

"वाळा काढून म्हायेरी निघालीस व्हय गं? म्या सगळं ऐकलंय."

वर्षाराणीला आधी उमगलंच नाही. मग तिची नजर पोरीच्या पायांकडे गेली. तिनं पिशवी उपडी केली. चिखलानं माखलेली मुळं रस्त्यावर पडली आणि गार, ओल्या मातीसारखा वास सुटला. गवताचा वाळा!

ओढ्याच्या बांधावरची ती उंच बेटं चिमणाबाईच्या नवऱ्यानं लावलेली. उन्हाळ्यात वरून करपत, पावसात पुन्हा फुटत. नवरा गेल्यापासून ती तिथं कुणाची कुदळ पडू देत नसे.

"म्हायेरी भट्टीफुडं बसून माझ्या आप्पांच्या अंगाची आग हुतीया," वर्षाराणी म्हणाली. "माठात टाकायला घेतला. इकतच्याला वासच न्हाय. मुळं तेवढी घेतली, वरचं ठोंब परत मातीत लावल्यात."

"मग इचारायचं की मला."

"दिला असतासा?"

चिमणाबाईला खोटं बोलता आलं नाही. ती खाली बसून मुळं गोळा करू लागली. तेवढ्यात वर्षाराणीनं पोरीच्या पायांतले वाळे काढून तिच्या हातात ठेवले.

"गुजरीत सोनाराला दावून घ्या. खरं हायती का बघा."

वर्षाराणी आठ दिवसांनी माहेरून परत आली. पूर्वीसारखीच राबू लागली, पूर्वीसारखीच हळू बोलू लागली. चिमणाबाईनं वाळे घासून लख्ख केले होते.

"घाल की पोरीच्या पायात."

"ऱ्हाऊ द्यात तुमच्याजवळ, आत्ती."

नात आता घरभर दुडुदुडु चालते. ती कुठं गेली हे आवाजावरून कळत नाही. चिमणाबाई दर दोन मिनिटांनी हातातलं काम टाकून उठते आणि बघून येते.