ताटलीच्या कडेचं पान

स्तामातिया चर्चची फरशी पुसून परत आली, तेव्हा तिच्या अंगणातल्या कुंड्यांत नुसत्या काड्या उभ्या होत्या. ती बघतच राहिली. मी शेजारी, भिंतीपलीकडे कपडे वाळत घालत होते.

"कॅलिरोई, बकरी शिरली होती का गं?" तिने मला विचारलं.

बकरी कुठली. तिच्या स्वयंपाकघरातून टोमॅटोचा आणि तुळशीचा वास येत होता.

आमच्या या ग्रीक बेटावर तुळस खात नाहीत. मटणाला ओरेगॅनो, मसुरीच्या आमटीत तमालपत्र, तळल्या माशावर रोजमेरी. तुळस मात्र देवाची. क्रूसाच्या सणाला तुळशीच्या ढिगावर क्रूस ठेवतात आणि प्रार्थना झाली की घरोघरी एकेक काडी जाते. तो ढीग स्तामातियाच्या तुळशीचा, हे गावात ठरलेलंच. नवरा समुद्रात बुडाला, जन्म दुसऱ्यांचे ऑलिव्ह वेचण्यात गेला. मिरवावं असं तिच्याकडे हे एवढंच होतं. त्यासाठी उन्हाळाभर ती दुखऱ्या गुडघ्यांनी विहिरीचं पाणी आणायची. सण उद्यावर आला होता.

आत ओर्नेला होती. स्तामातियाचा मुलगा पांतेलिस इटलीत, जेनोवाच्या गोदीत मेकॅनिक होता. वसंतात तिकडेच वारला, तिकडेच पुरला. म्हातारीला जाता आलं नाही. त्याचे शर्ट घेऊन आता त्याची बायको आली होती. इतक्या वर्षांत स्तामातियाने तिचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. "ती इटालियन," असंच म्हणायची. माझा मुलगा तिने तोडला, हे तिने मनाशी घट्ट धरलेलं. आल्यापासून दोघी एकाच बोटीची वाट बघणाऱ्या अनोळखी बायांसारख्या घरात वावरत होत्या.

मी स्तामातियाच्या मागोमाग आत गेले. भांडण होऊ नये म्हणून, आणि खरं सांगायचं तर झालं तर बघायला मिळावं म्हणूनही.

टेबलावर पास्ता वाढलेला होता, वर हिरवीगार पानं. ओर्नेला हसून उभी होती.

"ती देवाची होती," स्तामातिया हळूच म्हणाली.

ओर्नेलाची ग्रीक पांतेलिसकडून शिकलेली, म्हणजे निम्मी बंदरातल्या शिव्यांची. तिला कळेना. मी समजावून सांगितलं. तिचा चेहरा पांढरा पडला. ती पातेलं उचलून बाहेर ओतायला निघाली आणि दारातच थांबली.

"तो कधी बोलला नाही हो," ती म्हणाली. "दर रविवारी हाच पास्ता मागून घ्यायचा. फक्त एक पान ताटलीच्या कडेला काढून ठेवायचा. मी चिडायचे, एवढं एक पान काय जड झालं तुला? तर म्हणायचा, ते आईकडचं."

स्तामातियाने खुर्चीची पाठ धरली. "शेवटी खात होता?"

"गिळवतच नव्हतं. तरी ताटली मागायचा. पान बाजूला काढायचा आणि वास घेत पडून राहायचा."

स्तामातिया खाली बसली आणि रडली. त्याच्या मरणाची बातमी आली तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मग तिने एप्रनला हात पुसले, ताटली ओढली, एक पान बोटाने उचलून कडेला ठेवलं आणि खायला लागली.

"मीठ कमी आहे," एवढंच बोलली. ताटली पुसून खाल्ली. मीही खाल्लं. देवाने क्षमा करावी, चव छान होती.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत ती रिकामी टोपली घेऊन चर्चमध्ये आली. क्रूसाखाली यंदा गावातल्या फोतिनीची तुळस होती आणि फोतिनीची मान जरा जास्तच ताठ. बायका कुजबुजत होत्या. रांगेत स्तामातियाची पाळी आली, तेव्हा फादर अनेस्तिसनी काळजीने विचारलं, यंदा तुळस जळाली का?

"नाही," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "यंदाची पांतेलिसकडे गेली."

फादरनी तिच्या हातावर एक काडी ठेवली. मागचे लोक पुढे सरकले, पण स्तामातिया हलली नाही. हात तसाच पुढे.

"अजून एक द्या, फादर. माझी सून बाहेर उभी आहे."