आवाजाची दुसरी तोटी

कुंजिरामन यांनी आपलं श्रवणयंत्र वाचनालयाच्या विहिरीत टाकलं, तेव्हा अख्ख्या चेरुकाव गावाने टाळ्या वाजवल्या. यंत्र पाण्यात पडल्याचा आवाज कुंजिरामन यांना ऐकू आला का, हे विचारायचं कुणालाही सुचलं नाही.

"गेलं! तीस वर्षांचं बहिरेपण गेलं!" वाचनालयाचे सेक्रेटरी नाणू माइकवरून ओरडले. बायकांनी तोंडात बोटं घातली. विहिरीच्या कठड्याशी रेटारेटी झाली आणि कुणाची तरी चप्पलही यंत्रामागोमाग गेली.

आत सभागृहात पुस्तकांची कपाटं भिंतीला सरकवून श्रवणानंद स्वामींचं कर्णामृत शिबिर भरलं होतं. व्यासपीठावर टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, हेडफोन आणि पितळी वाटीत तेल. कॉम्प्युटरचा पडदा मुद्दाम लोकांकडे वळवलेला. कीबोर्डवर स्वामींचा शिष्य जिजेश, टापटीप इस्त्रीच्या शर्टात.

रोगी येऊन बसला की जिजेश पडद्याच्या कोपऱ्यातल्या काळ्या चौकटीत मुंगीएवढ्या अक्षरांत काहीतरी टाइप करी. "नोंद करतो," म्हणे. मग त्याच्या कानांवर हेडफोन चढे आणि गाणं लागे. पडद्यावर आवाजाची पट्टी शेवटच्या टोकापर्यंत भरलेली, सगळ्यांना दिसेल अशी. रोग्याला मात्र काही ऐकू येत नसे.

"पाहा," स्वामी म्हणत, "आवाज पूर्ण आहे. यंत्र खोटं बोलत नाही, कारण यंत्राला अहंकार नाही. मग अडलंय कुठे? कानात नाही, कानामागच्या नाडीत. तिथे साचलाय कलियुगाचा गोंगाट. आजचं विज्ञान त्याला फ्रीक्वेन्सी म्हणतं. आमचे ऋषी त्याला मळ म्हणत."

हे वाक्य आलं की पुढच्या रांगेतले निवृत्त तहसीलदार मान डोलावत.

मग हेडफोन जरा सरकवून दोन्ही कानांत तेलाचा थेंब, डोक्यावर हात, एक लांबलचक ओंकार. ओंकार चालू असताना जिजेश आणखी एक नोंद करी. आणि रोगी दचकून ओरडे, "ऐकू येतंय! स्वामी, गाणं ऐकू येतंय!"

कुंजिरामनही असेच ओरडले होते. त्यांची सून वनजा तेव्हा मागच्या बाकावर होती. ती गावच्या शाळेत आठवीला गणित शिकवी आणि शाळेची कॉम्प्युटरची खोली सांभाळी. गाव तिला टीचर म्हणे. सासऱ्यांचा खुललेला चेहरा पाहून तिलाही बरं वाटलं होतं, हे खोटं नाही.

रात्री तिने सासऱ्यांना विचारलं, "अच्छन, जेवायला वाढू?"

"गुरुवारी," कुंजिरामन म्हणाले.

मग त्यांनी टीव्हीचा आवाज एवढा वाढवला की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. "बघ पोरी," ते समाधानाने म्हणाले, "आता टीव्ही कसा स्वच्छ ऐकू येतो."

वनजाने शेजाऱ्यांची माफी मागितली आणि मनाशी ठरवलं, थोडे दिवस जाऊ द्यावेत, मग गुपचूप नवं यंत्र आणावं. म्हाताऱ्या माणसाचा आनंद कशाला मोडायचा? एवढ्यावर ती गप्प बसलीही असती. पण दुसऱ्या दिवशी लिजिना आली.

लिजिना कोपऱ्यावरच्या शिवणाच्या दुकानातली. तिची तीन वर्षांची मुलगी तुंपी जन्मापासून बहिरी. खूप खेटे घातल्यावर तिच्या कानात यंत्र बसवायच्या ऑपरेशनला सरकारी मेडिकल कॉलेजात तारीख मिळाली होती. येता सोमवार.

"टीचर, सोमवारी आम्ही जात नाही."

"का गं?"

"तुंपीला ऐकू येतंय." लिजिनाचा चेहरा असा उजळला होता की वनजाला तिच्याकडे बघवेना. "स्वामींनी चेंडा लावला. इतका मोठा ढोल, आणि ती वळली, टीचर! हसली! आजपर्यंत ती कधी कशाला वळली नव्हती."

"कुठे बसवलं होतं तिला?"

"तिथेच, व्यासपीठावर. मोठ्या स्पीकरला पाठ टेकवून."

"पाठ टेकवून," वनजा म्हणाली.

"स्वामी म्हणाले, ज्या कानात अमृत गेलं त्याला सुरी लावू नये."

"आणि डॉक्टर काय म्हणाले होते?"

लिजिनाचा आवाज चढला. "लहानपणीच करा, उशीर केलात तर बोलणं शिकणं अवघड, असं म्हणाले. पण कानामागे हाड कोरायचं, टीचर! तुमची मुलगी असती तर दिली असती?"

वनजाला मूल नव्हतं, आणि असतं तरी उत्तर सोपं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "रविवारी शिबिराचा समारोप आहे. तोवर तारीख रद्द करू नकोस. एवढं माझ्यासाठी कर."

त्याच संध्याकाळी वनजा स्वतः रोगी होऊन व्यासपीठावर बसली. "अलीकडे कमी ऐकू येतं," तिने सांगितलं. जिजेशने नोंद केली. हेडफोन चढला. पडद्यावर पट्टी पूर्ण, गाणं सुरू झाल्याची खूण दिसते आहे, आणि कानात शुकशुकाट.

तिला क्षणभर खरीच भीती वाटली. सासऱ्यांचं असंच सुरू झालं होतं का? स्वामींचा हात डोक्यावर पडला, ओंकार सुरू झाला, आणि त्या ओंकाराखालून तिला एक बारीक आवाज स्पष्ट ऐकू आला. टक टक टक. जिजेशची बोटं कीबोर्डवर चालली होती. पुढच्याच क्षणी कानात गाणं भरलं.

"ऐकू आलं?" स्वामींनी विचारलं.

"आलं," वनजा म्हणाली. तेही खोटं नव्हतं.

घरी जाताना ती त्याचाच विचार करत राहिली. जाड हेडफोनमधून बाहेरची टकटक ऐकणारा कान आतलं गाणं ऐकत नाही, असा कोणता रोग? आणि नोंद एकदा करायची असते. हा प्रत्येकाची दोनदा का करतो?

शनिवारी शाळेला सुट्टी होती. तिने कॉम्प्युटरची खोली उघडली. स्वामींच्या कॉम्प्युटरवर जी मोफत प्रणाली होती तीच शाळेत होती. ती काळी चौकटही मुलांना शिकवायची असे: माउसला हात न लावता, शब्द लिहून कॉम्प्युटरला हुकूम द्यायची जागा. वनजाने गाणं लावलं, पडद्यावरची पट्टी टोकाला नेली आणि काळ्या चौकटीत एक ओळ लिहिली. गाणं विझलं. पट्टी होती तिथेच, पूर्ण. दुसरी ओळ लिहिली. गाणं परत आलं.

तिला हसू येत होतं आणि लिजिना आठवली की ते थांबत होतं. मग तिने खणातून दोन हेडफोन जोडता येतील अशी एक दुतोंडी पिन काढली. शाळेत एका कॉम्प्युटरवर दोन मुलं बसवावी लागतात, म्हणून तिथे अशा पिना पुष्कळ.

रविवारी सभागृहात उभं राहायलाही जागा नव्हती. वनजा सासऱ्यांचा हात धरून व्यासपीठावर गेली.

"अच्छनना पुन्हा थोडं कमी ऐकू येतं. आणखी एक थेंब मिळाला तर बरं," ती म्हणाली. "आणि हा प्रसंग कुणीतरी कानाने अनुभवावा असं वाटतं. नाणू सेक्रेटरी दुसरा हेडफोन लावून शेजारी बसतील. मी पिन आणली आहे."

स्वामी म्हणाले, "कृपा एका वेळी एकावरच होते, मुली."

"अच्छनवरच होऊ दे, स्वामी. नाणू नुसते साक्षीला."

नाणू केव्हाच खुर्चीत बसले होते. पाच घरांपलीकडचं भांडण शब्दन् शब्द ऐकू येतं, अशी त्यांची ख्याती होती. जिजेशने स्वामींकडे पाहिलं, स्वामींनी छताकडे. नोंद झाली. गाणं सुरू झालं.

"काय ऐकू येतं?" वनजाने विचारलं.

"काही नाही," नाणू म्हणाले. "हे बंद पडलंय!"

"बंद कसं असेल? पट्टी पूर्ण आहे. यंत्राला अहंकार नाही."

"अहो, पण माझे कान ठणठणीत आहेत!"

सभागृहात खसखस पिकली. स्वामींनी घाईने कुंजिरामन यांच्या कानांत तेल सोडलं आणि ओंकार लावला. जिजेशची बोटं चालली. कुंजिरामन आणि नाणू, दोघेही एकाच क्षणी दचकले.

"आलं!" नाणू ओरडले, आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. त्यांनी आपल्या कोरड्या कानाला बोट लावून पाहिलं. "पण तेल तर यांच्या कानात घातलं."

"जिजेश, जरा उठ," वनजा म्हणाली.

"टीचर, मी काही केलं नाही," जिजेश म्हणाला. "मी फक्त आवाज कमी-जास्त करतो."

सगळ्या माना जिजेशकडे वळल्या. वनजाने काळी चौकट मोठी केली, अक्षरं मोठी केली आणि वर जाणाऱ्या बाणाची कळ दाबली. ती दाबली की आधी दिलेला हुकूम पुन्हा समोर येतो. तिने मोठ्याने वाचलं: "एमिक्सर, सेट, पीसीएम, नव्वद टक्के." पुन्हा कळ दाबली. "एमिक्सर, सेट, पीसीएम, दोन टक्के." पुन्हा नव्वद. पुन्हा दोन. नाव एकाही रोग्याचं नव्हतं.

"तुमच्या घरी टाकीच्या एकाच नळीवर दोन तोट्या असतात," ती लोकांना म्हणाली. "एक न्हाणीघरात, एक टाकीपाशी. टाकीची बंद असेल तर न्हाणीघरातली कितीही सोडा, पाणी येणार नाही. पडद्यावरची पट्टी ही न्हाणीघरातली. आवाजाच्या कार्डात दुसरी असते, ती पडद्यावर दिसत नाही. तिचं नाव पीसीएम, ती इथून फिरते. पूर्ण सोडली की हेडफोनमधला मोठा आवाज कमी ऐकू येणाऱ्यालाही पोचतो."

"हे प्रणालीचे अंतर्मंत्र आहेत," स्वामी म्हणाले. "सामान्यांच्या आकलनापलीकडचे."

"मग स्वामींनीच ऐकून सांगावं."

लोकांनी आग्रह धरला. स्वामींनी हेडफोन चढवला, डोळे मिटले. वनजा वाकून काहीतरी करत होती.

"काय ऐकू येतं, स्वामी?"

"नाद," स्वामी गंभीरपणे म्हणाले. "अखंड, दिव्य नाद."

वनजाने हेडफोनची वायर उंच धरली. तिचं टोक हवेत लोंबकळत होतं.

पहिले हसले ते कुंजिरामन. त्यांना संभाषण ऐकू आलं नव्हतं, पण वायर दिसत होती.

हशा ओसरायच्या आत लिजिना उभी राहिली. तुंपी तिच्या कडेवर होती. "आणि ही?" तिने विचारलं. "ही वळली होती, टीचर. ते मी पाहिलंय."

वनजाने लिजिनाच्या कानांत कापूस घातला, वर हात दाबायला लावले आणि तिला मोठ्या स्पीकरला पाठ टेकवून बसवलं. चेंडा लागला. लिजिनाला तो पाठीच्या मणक्यांतून, बरगड्यांतून कळला. तिने डोळे मिटून घेतले.

मग तिने स्वतःच तुंपीला उचललं, स्पीकरपासून दूर, सिमेंटच्या जमिनीवर चटईवर ठेवलं आणि म्हणाली, "लावा."

ढोल एवढ्या जोरात कडाडला की तहसीलदारांचा चष्मा घसरला. तुंपी केळ्याचं साल सोलत होती. ती सोलतच राहिली.

या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लिजिना तिच्याशेजारी खाली बसली. वनजाने माइक हातात घेतला.

"तुम्ही मूर्ख नाही," ती म्हणाली. "मीही परवा त्या खुर्चीत घाबरले होते. पण असं काही दिसलं की दोनच गोष्टी करा. ज्याच्यावर उपचार झाला नाही असा एक माणूस शेजारी बसवा. आणि हुकूम कोण देतंय, काय देतंय, ते वाचायला मागा."

स्वामी आणि जिजेश अंधार पडायच्या आत निघाले. काहींनी तरीही तेलाच्या बाटल्या ठेवून घेतल्या. डोक्याला लावायला बरं आहे, म्हणाले.

सोमवारी पहाटेच्या बसने लिजिना तुंपीला घेऊन गेली. ऑपरेशन झालं. महिन्याभराने जखम भरल्यावर कानामागचं यंत्र सुरू करायचं होतं, तेव्हा तिने वनजालाही सोबत नेलं.

तिथे हॉस्पिटलात यंत्र जुळवून देणारी एक तरुण बाई कॉम्प्युटरसमोर बसली होती. तुंपीच्या कानामागून निघालेली वायर त्या कॉम्प्युटरला जोडली होती. "पडदा तुमच्याकडे करते," ती लिजिनाला म्हणाली. "हा आकडा म्हणजे आवाज. मी एकेक पायरी वाढवणार आहे. तुम्ही तिच्या चेहऱ्याकडे बघा, काही दिसलं की मला थांबवा."

आकडा वाढत गेला. तुंपी लाकडी ठोकळे रचत होती. मग तिचा हात मध्येच थांबला. तिने आईकडे पाहिलं, ओठ थरथरले आणि तिने मोठ्याने भोकाड पसरलं. स्वतःचंच रडणं ऐकून ती आणखी घाबरली.

"काय झालं? दुखतंय का तिला?" लिजिना ओरडली.

"नाही हो. ऐकतेय," बाई म्हणाली. "पहिल्यांदा बहुतेक मुलं रडतात. हा आवाज आहे, हे तिला अजून माहीत नाही. ते तुम्ही शिकवायचं, रोज. दोन वर्षं लागतील, कदाचित जास्त."

दोन वर्षं लागणार, मूल रडणार, आईला रोज घसा कोरडा करावा लागणार. श्रवणानंदांनी यातलं काहीच मागितलं नव्हतं, म्हणून तर गर्दी त्यांच्याकडे होती. या बाईनेही कळा दाबूनच आवाज वाढवला. पण कोणती कळ, किती आणि कशासाठी, हे आधी सांगितलं. वाचकहो, जो माणूस एवढं सांगायला का-कू करतो, त्याच्या हाती आपले कान देऊ नका. पोटच्या पोरांचे तर मुळीच देऊ नका.