चष्मेवाल्या काकांचं दुसरं मत

मित्रांनो, असे दबकून उभे राहू नका. मी जुना माईक आहे, चावत नाही. उलट आयुष्यभर लोकांनीच मला चावलंय. माझ्या जाळीवर हे जे पोचे दिसताहेत, त्यातले निम्मे दातांचे आहेत. माणसाला माईक दिसला की आधी तो खायला बघतो आणि मग बोलतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे केसाएवढ्या तारा जोडणाऱ्या बायका लांबलचक टेबलाशी बसायच्या आणि श्वास रोखून काम करायच्या. फुंकर लागली की तार हलायची आणि सगळं मुसळ केरात जायचं. त्या बायकांनी रोखलेले श्वास कुठे गेले असतील? माझ्यात! म्हणून समोरचा थाप मारतोय की खरं बोलतोय, ते त्याच्या पहिल्या श्वासालाच मला कळतं. मी स्वतः पुष्कळ थापा मारतो, पण माझा स्वतःचा श्वासच नाही, त्यामुळे मी कधी पकडला गेलो नाही.

कारखान्यातून मी थेट एका चित्रपटगृहात आलो. तिथे तिकीट खिडकीवर एक ताई बसायच्या. खिडकीतल्या खिळ्याला मला टांगलेलं असायचं, पाठ पडद्याकडे आणि तोंड रस्त्याकडे. म्हणजे बघा, मित्रांनो, सगळी उमर चित्रपटगृहात काढून मी एकही सिनेमा पाहिलेला नाही. मला सगळे सिनेमे माहीत आहेत ते लोकांच्या मतांवरून. एकच सिनेमा मला एकदा फार थोर आणि एकदा फार टुकार असा माहीत आहे.

आमच्याकडे एक पद्धत होती. नवा सिनेमा लागला की पहिला खेळ सुटताना ताई मला घेऊन दाराशी उभ्या राहायच्या आणि बाहेर पडणाऱ्यांची मतं घ्यायच्या. फाटकावर एक कर्णा बसवलेला होता. माझ्यात बोललेलं त्या कर्ण्यातून पुढच्या खेळाच्या रांगेला ऐकू जायचं, आणि समोरच्या दुकानांनाही. ते ऐकून रांग वाढायची, नाहीतर पांगायची. एकदा एका पैलवानाने "झकास!" म्हणून अशी आरोळी ठोकली, की माझा एक स्क्रू उडाला तो थेट चौकातल्या बंद घड्याळात जाऊन बसला आणि घड्याळ चालू झालं. खोटं वाटत असेल तर सोडून द्या, पण घड्याळ अजून चालू आहे.

तेव्हा माझा रुबाब काय वर्णावा! ताई रोज सकाळी मऊ फडक्याने मला पुसायच्या. लोक माझ्यासमोर आले की केस सारखे करायचे, जसं काही मी त्यांचा फोटोच काढणार होतो.

ताईंचा एक नियम होता. शेवटचं मत नेहमी चष्मेवाल्या काकांचं. समोरच त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. पहिल्या खेळाला दुकानाला कुलूप लावून ते हजर असायचे. बोलायला असे मिस्कील, की सिनेमा रडका असला तरी काकांच्या मतावर रांग हसायची. "शेवट चटकदार हवा," ताई म्हणायच्या, "मागचं सगळं विसरतात लोक, शेवटचं तेवढं घरी घेऊन जातात." म्हणून काका आधी बाहेर आले तरी ताई त्यांना खांबापाशी थांबवून ठेवायच्या. काकाही थांबायचे. तेवढ्यात मनातल्या मनात जुळवाजुळव चाललेली असायची.

मग तो अपहरणाचा सिनेमा आला.

गोष्ट अशी होती म्हणे, की एका लहान मुलाला त्याच्याच इमारतीच्या लिफ्टमधून कोणीतरी पळवून नेतं. चौथ्या मजल्यावर मुलगा आत शिरतो आणि खाली लिफ्ट उघडते ती रिकामी. कोणी नेलं, हे शेवटपर्यंत कळत नाही. पोस्टरवर त्या मुलाची फक्त पाठ होती.

दुपारचा पहिला खेळ सुटला. ताईंनी मला हातात धरलं.

पहिले आले ते एक गृहस्थ. "मला तर मध्यंतरालाच कळलं होतं," ते म्हणाले. त्यांच्या मागचे म्हणाले, "मध्यंतराला काय, मला पहिल्या गाण्यातच कळलं!" तिसऱ्यांना पोस्टर बघूनच कळलं होतं. रहस्यपट सुटला की असंच असतं, मित्रांनो. आत सगळे खुर्चीला नखं रुतवून बसतात आणि बाहेर येईपर्यंत सगळ्यांना सगळं आधीपासून कळलेलं असतं.

एक परिचारिका म्हणाली, "चांगलाय, पण इंजेक्शन असं कोणी देत नाही हो. कोपरात कसलं देता?"

एक म्हातारे शिक्षक पत्नीला घेऊन आले होते. ते म्हणाले, "आई जरा जास्तच रडते."

"जास्त?" बाई कडाडल्या. "तुमचं पेन सापडलं नाही तर तुम्ही घर डोक्यावर घेता. तिचं तर पोर गेलंय!"

रांग हसली. मग एका आजीबाईंनी मला दोन्ही हातांनी पकडलं आणि सुरू केलं, "मी सांगते ना, तो जो शेजारचा असतो ना, तोच..." ताईंनी मला असं हिसकलं, की माझी वायर आजींच्या पिशवीत अडकली. तरी रांगेतले काही जण "छे, कळलंच की!" म्हणत निघून गेले.

या सगळ्या वेळात ताईंच्या डाव्या हाताला एक मुलगी आपल्या आत्याचा हात धरून उभी होती. दोन छोट्या शेंड्या, आणि त्यांना फिती. आत्या फार खुशीत होती. प्रत्येक मत ऐकून ती मुलीला कोपराने डिवचायची. "थांब गं, आता तुझं येईल." मुलगी मान वर करून माझ्याकडे बघत होती. कोणी मला तोंडाशी धरलं की तिची मान त्या माणसाकडे वळायची.

पोलीस झालेल्या नटाचं कौतुक झालं. लिफ्टचं कौतुक झालं. पळवणाऱ्याच्या नुसत्या बुटांचं कौतुक झालं. त्या मुलाबद्दल कोणीच काही बोललं नाही.

शेवटी ताईंनी खांबाकडे हात केला. "या काका, तुमच्यावाचून काही खरं नाही."

काका पुढे आले. डोळे लाल होते, आणि आवाज बसलेला होता. त्यांनी घसा खाकरला. पण रांगेतून आधीच कोणीतरी ओरडलं, "काका, होऊन जाऊ दे!" आणि काकांच्या तोंडावर नेहमीचं हसू आलं.

"सिनेमाचं राहू द्या," ते म्हणाले. "मला तर त्या पळवणाऱ्याचीच दया आली. काय ते पोर, काय तो भोंगा! मी त्याच्या जागी असतो ना, तर त्याच दिवशी घरपोच परत दिलं असतं. वर आईबापांची माफी मागितली असती!"

फाटकावरचा कर्णा गरजला आणि रांग हसून हसून वाकली. समोरचा केस कापणारा गिऱ्हाईक सोडून दारात आला. आजीबाई डोळे पुसत हसत होत्या. ताईंचा तर हातच इतका हलत होता, की मी गदागदा हलत होतो. आणि हसता हसता त्यांची नजर त्या मुलीवर गेली.

"काय गं, तुला आवडला का सिनेमा?" ताई खाली वाकल्या आणि मला तिच्यापुढे धरलं.

"सांग ना!" आत्या कुजबुजली. "सांग तू कोण ते!"

मुलीने आत्याकडे पाहिलं. मग रांगेकडे पाहिलं. सगळे अजून हसतच होते.

"मला पण तो मुलगा नाही आवडला," ती म्हणाली. "तो नीट रडत नाही."

रांग पुन्हा हसली. आत्याचा चेहरा मात्र पांढरा पडला. "अगं, काय बोलतेस? अहो, हीच आहे ती!" ती ताईंना म्हणाली. मी मध्येच होतो, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. "हिनेच केलंय ते काम! मुलासारखे केस कापले होते हिचे. हिची आई नको म्हणत होती, पण मीच आणलं. म्हटलं, लोक काय म्हणतात ते हिला ऐकू दे. मग शेवटी सांगू, हीच ती म्हणून."

मित्रांनो, मी पुष्कळ आवाज ऐकलेत. पण कर्णा चालू असताना एवढी माणसं गप्प झालेली मी तेव्हाच पाहिली. केस कापणारासुद्धा हळूच आत गेला.

काका पुढे आले. गुडघे धरून कसेबसे खाली बसले. "बाळा, अगं मी गंमत केली."

"माहितेय," मुलगी म्हणाली. "सगळे हसले ना."

"तसं नाही गं. ताई, द्या तो इकडे. माझं पुन्हा घ्या." त्यांनी मला ताईंच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं. "मी खरं सांगतो. ते पोर अंधारात बसून आईला हाक मारतं ना, हळूच, कोणाला ऐकू जाऊ नये अशी, तेव्हा मला राहवलं नाही. मी रडलो. शेजारच्या खुर्चीवाल्याला विचारा. रुमाल भिजला माझा, हा बघा. सबंध सिनेमात ते पोरच खरं आहे. बाकी सगळी सोंगं. खांबापाशी उभा होतो तेव्हा हेच मनात होतं."

हे मत पहिल्या श्वासापासून खरं होतं. मी शपथेवर सांगतो, आणि माझी शपथ मी फार क्वचित घेतो. तशी ओली, अडखळती, चटकदारपणा नसलेली मतं मला कितीशी मिळाली असतील!

मुलीने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आता तुम्हाला कळलं ना मी कोण ते, म्हणून म्हणताय."

मला हातात धरून काका तसेच बसून राहिले. ताईंनी हळूच बटण बंद केलं. आत्या मुलीला घेऊन निघून गेली. जाताना मुलीने काकांना नीट "येते हं" म्हटलं. चांगल्या वळणाची पोर होती.

पुढे काय झालं म्हणाल, तर काकांचं पहिलं मत गावभर झालं. कोणाचं पोर दुकानात हट्टाने रडू लागलं की दुकानदार म्हणायचा, "हे पळवलं तर घरपोच परत येईल हो!" त्या मुलीच्या शाळेतही ते पोचलं. दुसरं मत मात्र त्या दाराबाहेर गेलंच नाही. कर्णा तोच, माईक तोच, आणि ऐकणारेही तेच होते. तरी ते कोणी घरी नेलं नाही.

पुढे बऱ्याच महिन्यांनी आत्या खिडकीवर आली, तेव्हा तिने ताईंना सांगितलं. मुलीला दुसऱ्या सिनेमात घेतलं होतं. तिथे दिग्दर्शक रड म्हणाला की ती रडायची, पण मध्येच थांबून आजूबाजूच्यांकडे बघायची, कोणी हसतंय का म्हणून. त्यांनी चार दिवस वाट पाहिली आणि मग दुसरी मुलगी घेतली. "घरी खेळते, हसते, सगळं करते," आत्या म्हणाली. "फक्त रडू आलं की न्हाणीघरात जाते आणि नळ सोडते. आम्हाला पाण्याचाच आवाज येतो."

काका तेव्हा दुकानाच्या दारात उभे होते. त्यांनी ताईंकडून पत्ता घेतला आणि एका रविवारी ते तिच्या घरी गेले. तिनेच दार उघडलं. काकांनी पुन्हा सगळं सांगितलं, रुमालासकट. ती म्हणाली, "काका, तो सिनेमा आता जुना झाला. पाणी देऊ?" काका पाणी पिऊन परत आले आणि हे सगळं त्यांनी ताईंना सांगितलं. त्यानंतर त्यांनी माझ्यात कधी मत दिलं नाही. पहिल्या खेळाला यायचे, आणि सुटला की मागच्या दाराने निघून जायचे. रांगेतले ओरडायचे, "काका कुठायत?" ताई म्हणायच्या, "त्यांना बरं नाही."

हळूहळू ती पद्धतच बंद पडली. मग चित्रपटगृहही बंद पडलं. खिळ्यावर माझ्या जाळीत कोळ्याने घर केलं आणि वायर उंदरांनी खाल्ली. शेवटी ताई मला घरी घेऊन आल्या. आता या कपाटावर मी पडून असतो. तुमच्यासारखी पोरं येतात, मला तोंडाशी धरून "हॅलो हॅलो" करतात. करा खुशाल. मी आता कुठेच जोडलेला नाही, माझ्यातून काही बाहेर जाणार नाही.

पण तुम्ही मोठे झालात की तुमच्यापुढे कोणीतरी चालू माईक धरेल. कोणी सिनेमाबद्दल विचारेल, कोणी एखाद्या माणसाबद्दल. समोर रांग उभी असेल आणि तिला हसायचं असेल. तेव्हा, मित्रांनो, त्या माईकला नीट पुसलं नाही तरी चालेल, दातांनी चावलं तरी चालेल. पण रडू आलं असेल, तर रडू आलं असंच सांगा. आणि पहिल्यांदाच सांगा.