घालणाऱ्याचा पाय

ही १९८४ सालची गोष्ट. नदीकाठचा लष्करी बुटांचा कारखाना बंद पडून त्याचं भंगार लिलावात निघालं, त्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. कारखाना गेला, पण त्यात बनलेल्या जुन्या बुटांना मात्र एकदम भाव आला. मोठ्या लढाईतले बूट जमवणारे हौशी लोक लांबलांबून येऊ लागले, आणि आले की आधी एका दुकानाचा पत्ता विचारत.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. खिडकीपाशी टेबल, त्यावर दिवा आणि भिंग. तिथे बाई बसायची. आतल्या अंगाला, जिथे भरदुपारीही बल्ब लावावा लागे, तिथे बसक्या स्टुलावर तिचा नवरा. तो बूट-चपला दुरुस्त करायचा, ती जुन्या बुटांची पारख करायची. तिला सगळे ताई म्हणत. नवऱ्याला काही म्हणायची वेळच कुणावर येत नसे. झिजलेली टाच त्याच्यापुढे ठेवली की काम भागत असे.

खरं तर तिला सगळं शिकवलं होतं त्यानेच. तरुणपणी तो त्याच कारखान्यात होता. खिळ्याचा गंज आतून फुटून आलेला असला तर खरा, वरून फासलेला असला तर खोटा. शिक्का शिवायच्या आधी मारतात, म्हणून टाका शिक्क्यावरून गेलेला दिसला पाहिजे. नव्या बुटांना चहाच्या पाण्यात बुडवून म्हातारं करतात, ते नाकाला कळतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत दुकानात गिऱ्हाईक नसे, तेव्हा वेळ जावा म्हणून त्याने हे सांगितलेलं. पुढे तिची नजर त्याच्याही पुढे गेली. नुसतं खरं-खोटं सांगून ती थांबत नसे. चामड्याच्या घड्या आणि आतला तळ पाहून, बूट घालणारा माणूस कसा होता तेही सांगायची आणि लोक भान हरपून ऐकायचे.

तिने हो म्हटलं की काळ्या दगडावरची रेघ. बाकी तिच्याजवळ मिरवण्यासारखं काही नव्हतं. मूलबाळ झालं नाही, माहेर तुटलं, शाळा अर्ध्यात सुटली. हा एक शब्द तेवढा होता आणि तो ती जिवापाड जपायची. एका खोट्या जोडाला हो म्हटलं की आपण संपलो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्या हिवाळ्यात नवऱ्याचा भाचा एक जोड घेऊन आला. तो भंगाराचा धंदा करायचा.

"मामी, जरा बघता का? एका म्हातारीच्या माळ्यावर मिळाले."

"तुला बऱ्या म्हाताऱ्या सापडतात रे. मागच्या म्हातारीचे बूट महिन्याभरापूर्वी शिवलेले निघाले."

"मी पडलो अडाणी. म्हणून तर तुमच्या दारात येतो."

त्याच्यासोबत कर्नल होता. कर्नलने जन्मभर छत्र्या विकल्या होत्या. पण घरात कपाटं भरून लष्करी बूट होते आणि तो छाती काढून चालायचा, म्हणून त्याला हे नाव पडलेलं. अशा जोडासाठी तो कित्येक वर्षं झुरत होता.

बाईने बूट दिव्याखाली घेतले. वास घेतला. खिळे पाहिले, शिक्का पाहिला, जीभ उलटून आतली शिवण पाहिली. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. मग तिने आत हात घातला आणि तिचा चेहरा बदलला.

"खरे आहेत," ती म्हणाली. "आणि घालणारा बिचारा सोसणारा होता हो. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढलेलं होतं त्याचं, इथे बघा, चामडं कसं फुगलंय. डावी टाच बाहेरून जास्त झिजलीय. दुखरा पाय जपत चालायचा. पण कुणाजवळ बोलला नसणार. बोलला असता तर एक नंबर मोठा बूट मिळाला असता. विचारलंच नसेल त्याला कुणी."

बोलता बोलता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कर्नलने रुमाल काढला.

आतून नवरा म्हणाला, "परत एकदा बघतेस का? खात्री आहे ना?"

"अहो, तुम्ही तुमच्या टाचा बघा."

कर्नल हसला, भाचाही हसला. नवऱ्याने आरी उचलली आणि खाली मान घालून चामड्यात घुसवली.

पुढच्या रविवारी कर्नलने काचेच्या पेटीत बूट मांडून गावातल्या सगळ्या हौशी मंडळींना बोलावलं. जो येईल त्याला तो बाईचे शब्द ऐकवत होता, अगदी तिच्याच आवाजात, "विचारलंच नसेल त्याला कुणी." बाई कौतुकाने ऐकत उभी होती. नवरा दाराशी उभा होता.

संध्याकाळी परतल्यावर नवऱ्याने दुकानातच चप्पल काढली, खिडकीपाशी बसला आणि डावा पाय सरळ तिच्या टेबलावर ठेवला.

"हे काय भलतंच? पाय खाली घ्या."

"भिंग घे आणि बघ."

"दुखतोय का? तेल गरम करते."

"तेल नको. बघ म्हणतो ना."

तिने पाहिलं. अंगठ्याच्या मुळाशी हाडाचा गोळा होता. टाचेची बाहेरची कड टणक झाली होती. तिने भिंग खाली ठेवलं, आणि पहिला शब्द तोंडातून आला तो धंद्यातलाच.

"चामडं?"

"कारखान्याच्या लिलावातलं. भाच्याने घेतलेलं. दोरा, खिळे, शिक्का, शिवायचं मशीन, सगळं तिथलंच."

"आणि घातले कुठे?"

"त्याच्या गोदामात. वर्षभर रोज दुपारी जायचो. कुठे जाता म्हणून तू एकदा तरी विचारलंस?"

"पैशासाठी केलंत हे?"

"पैसे त्याचे त्यालाच. मला काय करायचेत."

"मग कशासाठी माझं नाक कापलंत?"

त्याने पाय टेबलावरून खाली घेतला. "वाटलं होतं, तू हात घालशील आणि ओळखशील. हसून म्हणशील, अहो, हे तुमचे. तिथल्या तिथे सांगून टाकलं असतं मी, भाच्याला हाकललं असतं. परत बघ म्हटलं, तेही तुला नको होतं. कुठल्या कोण शिपायासाठी तुझे डोळे भरून आले, आणि पाय माझा होता."

"तुम्ही बोलायचंत."

"तुझ्यापुढे? गिऱ्हाइकांची रांग संपल्यावर?"

सकाळी ती एकटी कर्नलकडे गेली. म्हणाली, बूट खोटे आहेत, माझी चूक झाली. कोणी बनवले ते तिने सांगितलं नाही, आणि तिथेच सगळं अडकलं.

"आठवड्यात असं काय बदललं?" कर्नल म्हणाला. "तेच डोळे, तेच बूट. दुसऱ्या कुणाला हवेत का? खोटे म्हटलं की मी भंगारात काढीन आणि तो उचलील, असंच ना?"

"माझ्या शब्दावर घेतलेत ना तुम्ही? मग आता माझ्याच शब्दावर सोडा."

"तेव्हाचा शब्द खरा होता, ताई. तेव्हा तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. आज नुसतं तोंड चालतंय."

त्याने तिला चहाही विचारला नाही. आठ दिवसांत गावभर झालं. काही म्हणाले, बाई लाच खाते. काही म्हणाले, नजर गेली. आज खरे म्हणते, उद्या खोटे म्हणेल, तिच्या दारात जायचं कशाला? खिडकीपाशी बूट येईनासे झाले.

पुढे भाच्याने उघडउघड नकली बुटांचंच दुकान थाटलं, 'जुन्या घाटाचे नवे बूट' अशी पाटी लावून. ते जोरात चाललं आणि त्याने दोन मजली घर बांधलं. कर्नल म्हातारपणाने गेला. त्याच्या मुलांनी सगळी कपाटं संग्रहालयाला देऊन टाकली. तो जोड तिथे अजून काचेत आहे, आणि शेजारच्या पाटीवर त्या सोसणाऱ्या शिपायाबद्दल चार ओळी आहेत. शाळेच्या सहली येतात, मुली त्यापुढे थबकतात. नवरा आणखी सहा वर्षं जगला. गिऱ्हाइकं आता त्याच्याकडेच येत, आणि त्याला मामा म्हणू लागली होती. त्याच्या दुखऱ्या पायाला ती रोज तेल चोळायची, न बोलता. त्यानेही कधी नको म्हटलं नाही.

बाई सगळ्यांच्या मागे राहिली. शेवटची वर्षं तिने पुतणीच्या घरी काढली. पुतणी स्वयंपाकघरातून हाक मारायची, "काकू, दूध नासलंय का बघ गं जरा."

ती पातेल्याजवळही जायची नाही. "तूच बघ," म्हणायची. "मला नाही कळत."