कॅचरचा भाव

पंचफुलाच्या उजव्या हाताची करंगळी शेवटच्या पेरापासून बाहेर वळलेली होती. साधारण बारा अंश, असा शोभाताईंनी अंदाज केला. अठरा वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवून त्यांना कोन दिसला की मोजायची सवयच लागली होती. दोन वर्षांपूर्वी ते बोट सरळ होतं.

नागपुरात तेव्हा सॉफ्टबॉल नवा होता. मैदानावर येणाऱ्या प्रत्येक मुलीला पिचर व्हायचं असे, कारण बॉल टाकणारीकडे सगळे बघतात. बॅटवालीच्या मागे तोंडाला जाळी बांधून उकिडवं बसायचं आणि सुटलेला प्रत्येक बॉल अंगावर घ्यायचा, हे कॅचरचं काम कोणालाच नको असे. पंचफुलाने ते मागून घेतलं होतं.

"गावाकडं कुहीले धानात दिवसभर उकिडवं बसून निंदलं हाय, बाई," ती म्हणाली होती. "इथं तं दोन घंटेच बसाचं!"

जिल्हा स्पर्धेचे फॉर्म भरण्याआधी शोभाताई धरून सहा क्लबांचे प्रशिक्षक आपसात मुलींची अदलाबदल करत. त्यात पैसा नव्हता, मुलीच्या बदल्यात मुलगी. फक्त कॅप्टनला कोणी हात लावायचा नाही, एवढा रिवाज सगळे पाळत. शोभाताईंची जुनी कॅप्टन दिवाळीनंतर शिकायला जबलपूरला गेली, तेव्हापासून फॉर्मवरचा कॅप्टनचा रकाना कोराच होता. कॅप्टन पिचरच असते, असा सगळीकडचा समज. त्यांच्याकडे पिचर चार होत्या आणि चौघींचं आपसात पटत नव्हतं. शोभाताई रोज उद्यावर ढकलत होत्या. आज दुपारी बाराला मुदत संपणार होती.

पावणेबाराला कोराडीच्या वीज केंद्राच्या वसाहतीचे प्रशिक्षक गोपाळराव स्कूटरवरून उतरले आणि रुमालाने चष्म्यावरची राख पुसू लागले.

"शोभाताई, दोन बॅटवाल्या देतो. पंचफुला द्या."

"मागच्या वर्षी मीच तिला घेऊन तुमच्याकडे आले होते. एका जुन्या बॅटच्या बदल्यातसुद्धा नको म्हणालात."

"तवा आमची मंगला होती ना! वैशाखात लग्न होऊन रायपूरले गेली. महाल क्लबच्या कॅचरले कावीळ. आता सहा टीममंदी चांगल्या कॅचर उरल्या दोन." गोपाळराव हसले. "पोरगी तेच हाय, भाव वाढला. उन्हाळ्यातल्या लिंबासारखा. बरं, तीन घ्या. बारा वाजून राहिले."

तीन चांगल्या बॅटवाल्या! यंदाही पहिल्याच फेरीत हरलात तर शाळेचं मैदान खो-खोला देऊ, असं मुख्याध्यापिकांनी स्पष्ट सांगितलं होतं. "पाच मिनिटं द्या," म्हणून शोभाताई मैदानाच्या टोकाला गेल्या.

तिथे पंचफुला गोपिकाला काहीतरी दाखवत होती. गोपिका चौघी पिचरांतली सगळ्यात धाकटी. तिच्या तोंडाला पंचफुलाची जाळी होती.

"डोये मिटू नको वं! बॉल काही सासू नाही. आन् उघडा हात पाठीमागं ठेव, नाहीतर माह्यासारखं बोट होईन."

"हे कधीपासून?" शोभाताईंनी विचारलं.

"महिना झाला, बाई. महालच्या दोघीबी येतात सकाळी."

"दुसऱ्या क्लबच्या? अगं, सगळ्यांना कॅचर मिळाल्या तर तुला कोण विचारेल? आज तुझ्यासाठी तीन मुली देतायत."

"मालूम हाय. पुढच्या साली एक बॅटबी नाही देणार." पंचफुलाने घाम पुसला. "पण बाई, मागं धरणारी असन तवाच पिचर जोरात टाकते. बॉल सुटन म्हणून आपल्या पोरी भीत भीत, वाकडंतिकडं टाकत होत्या. तुम्ही म्हणान तं कोराडीले जाईन. तिथंबी शिकवीन."

मागच्या वर्षी शोभाताईंच्या टीमवर चढलेल्या चाळीस धावांपैकी एकतीस कॅचरच्या हातून सुटलेल्या बॉलवर गेल्या होत्या. यंदाच्या पाच सराव सामन्यांत अशा धावा फक्त तीन. हा हिशेब त्यांना पाठ होता, आणि तो पंचफुलाच्या हातांचा आहे असं त्या समजत होत्या. अर्धा तिने इतरांच्या मनातून काढलेल्या भीतीचा होता, हे त्यांना आत्ता दिसलं. गोपाळराव जी टंचाई पाहून भाव वाढवत होते, ती टंचाईच ही मुलगी रोज सकाळी थोडी थोडी कमी करत होती. आपला भाव उतरणार हे पुरतं जाणून. इतकी वर्षं विज्ञान शिकवूनही आपल्याला हे सुचलं नसतं, असं त्यांना वाटलं, आणि त्याचा आनंदच झाला.

"तुला स्वतःला कुठं खेळायचंय? खरं सांग."

पंचफुलाने वाकडं बोट दुसऱ्या मुठीत धरलं. "इथंच, बाई."

शोभाताई परत आल्या. गोपाळराव घड्याळ बघत होते. चौघी पिचर कान टवकारून जवळ सरकल्या.

"मंग, ताई? तीन पक्क्या?"

शोभाताईंनी फॉर्म स्कूटरच्या सीटवर पसरला, कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "गोपाळराव, पंचफुला आमची कॅप्टन आहे."