माझ्या दोन गरीब तारा

मित्रांनो, मी एक जुना लाऊडस्पीकर आहे. माझा कागदी पडदा उंदरांनी कडेनं कुरतडला आहे, पाठीवरच्या लोहचुंबकाला गंज चढला आहे. पण मी जळलेलो नाही, हे आधीच सांगतो. जळलं ते दुसरंच.

माझं तरुणपण अमरावतीच्या एका वकिलांच्या रेडिओत गेलं. नवा रेडिओ आला आणि मी अकोल्याच्या जुन्या बाजारात, गंजकी कुलपं आणि सायकलच्या घंट्यांमध्ये येऊन पडलो. तिथून श्रावणनं मला उचललं. तो अकोल्याला इंटर सायन्सला शिकत होता, घर बार्शीटाकळीला. घरी नेऊन त्यानं मला चहाच्या रिकाम्या खोक्यात बसवलं. वस्तीतले जानराव म्हातारे रोज समोर येऊन बसत.

"काहून बे श्रावण, या खोक्यातून आवाज निघंल का चहा?"

"दोन्ही निघंल आबाजी. तुमी कप घेऊन बसा."

सगळे हसत. पण त्या हसण्याखाली एक जुनी सल होती. वस्तीनं बौद्ध धम्म घेतल्याला सहा-सात वर्षं झाली होती. दर बुद्धजयंतीला माणसं भाड्यानं भोंगा मागायला भोंगेवाल्याच्या दुकानी जात आणि दर वर्षी तो म्हणे, "त्या दिवशी भोंगा खाली नाही." भोंगा त्याच्या मागेच खिळ्याला टांगलेला असे. वर्षभर दुसऱ्यांचे भोंगे ऐकायचे आणि आपल्या दिवशी गप्प बसायचं! म्हणून श्रावणनं पुस्तकात बघून आवाज मोठा करणारं व्हॉल्व्हचं मशीन जुळवायला घेतलं होतं. त्रेसष्ट सालच्या जयंतीला वस्ती स्वतःच्या आवाजात बोलणार होती.

मशीन झालं. मग मला जोडायची वेळ आली. श्रावणनं आधी बॅटरीचा सेल माझ्या तारांना क्षणभर टेकवला. टक्! माझा पडदा पुढे उडाला. सेलच्या अधिक टोकाला टेकलेल्या तारेला त्यानं खुणेचा लाल दोरा बांधला. मशीनमागे तीन-चार स्क्रू होते, प्रत्येकापाशी वेगळा आकडा. पहिल्यांदा तो चुकला आणि मी पडसं झाल्यासारखा बोललो. मग त्यानं माझ्या पाठीवरचा आठाचा आकडा पाहिला आणि आठाच्याच स्क्रूला तार आवळली. त्याची धाकटी बहीण शालू माईकमध्ये ओरडली, "माय, भाकर दे वं!" चार घरं सोडून पंचफुलाबाईंचा आवाज आला, "ये, माह्याकडची घेऊन जाय!"

मित्रांनो, वकिलांच्या दिवाणखान्यात मी मोठमोठे गवई ऐकवले. पण माझ्या आवाजाला असं उलटं उत्तर कधी मिळालं नव्हतं.

श्रावणची आई मनकर्णाबाई मात्र दारातूनच बघत असे. तिचा जीव पोरापाशी अडकलेला.

"मशीनले हात लावू नको माय," श्रावणनं तिला बजावलं. "आत करंट हाये. मानूस जाग्यावर मरते."

"अन् या खोक्याले?"

"त्याच्या तारा गायीसारख्या गरीब हायेत. त्यायनं काही होत नाही."

माणसाला काय मारतं ते त्यानं सांगितलं. मशीनला काय मारतं ते सांगायचं राहून गेलं. 'स्पीकर सुटला असताना मशीन चालू ठेवू नये' ही ओळ पुस्तकात त्यानंच पेन्सिलीनं अधोरेखित केली होती. घरात ती कुणाला ठाऊक नव्हती.

जयंतीच्या सकाळी मला बाहेर कडुनिंबाला बांधलं. मशीन मांडवात. श्रावण पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेला. शालू आणि पोरी मांडवात गात होत्या आणि मी गावभर ऐकू जात होतो. इतक्यात कोपऱ्यावरून एका मोठ्या घरची मयत वळली.

मयत जाताना वाजवणं बंद करायचं, ही गावची रीत. मनकर्णाबाई निंबाखालीच उभी होती. तिला वाटलं, आता ही माणसं चिडतील आणि आपल्या पोरावर धावून येतील. मांडवाकडे धावावं, तर मशीनला हात लावायचा नाही. तिनं वर हात करून माझी तार उपटली.

मी गप्प झालो. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मयत पुढे गेली.

मांडवातल्या पोरींना यातलं काहीच कळलं नाही. त्या गातच राहिल्या. मशीनचा जो जोर माझ्याकडे यायचा, त्यानं जावं कुठं? तो आतल्या आत फिरला. थोड्या वेळानं जळक्या डांबराचा वास सुटला. मला दिसत होतं, मित्रांनो, पण तोंड माझं, आवाज मशीनचा. दोघं तुटलेलो.

मनकर्णाबाईनं तार परत जोडली. "गाय वं शालू आता!"

"गाऊनच त राहिली न माय!" पण माझ्यातून सूर निघाला नाही.

मयतीवरून परतताना भोंगेवाला मुद्दाम मांडवापाशी थांबला. "काय निघालं मग खोक्यातून? चहा?" तोच विनोद, पण या वेळी जानरावही हसले नाहीत.

श्रावण आला. मशीनमधला जळका ट्रान्सफॉर्मर पाहून निंबाखाली आला आणि माझी तार त्यानं हातात घेतली. त्याची गाठ घट्ट, सरळ असे. ही तार आई वळते तशा दिव्याच्या वातीसारखी पिळलेली होती. त्यानं तो पीळ सोडवला आणि पुन्हा आपली सरळ गाठ मारली.

"काय झालं रे बाबू?" आईनं विचारलं.

"काही नाही माय. ट्रान्सफॉर्मर मीच कच्चा गुंडाळला होता."

त्यानंतर वस्तीनं त्याला दुसरं मशीन करू दिलं नाही. "पुन्हा हसं नको," म्हणाले. त्यानंही हट्ट धरला नाही. आता तो जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी मोजतो. पुढच्या जयंत्या विनाभोंग्याच झाल्या. मी फळीवर पडून आहे. कुणी पाहुणा वर बघून विचारतो, तेव्हा मनकर्णाबाईच सांगते, "पोरगं हुशार होतं हो, पन हात कच्चा." श्रावण खाली मान घालून जेवत राहतो.

मित्रांनो, माझी तार काढण्याआधी मशीन बंद करा. ज्याला भीती घालाल, त्याला सगळं समजावूनही सांगा. आणि कुणाचा हात कच्चा म्हणण्याआधी तार कुणी सोडली ते विचारा. मला विचारलंत तरी चालेल. फक्त आधी मला कशाला तरी जोडा.