रोडिओला पाच जण येणार होते

मराठी माणूस 'नाही' म्हणत नाही, 'बघू' म्हणतो. चौतीस वर्षं मराठी असूनही मला हे कळलं नसेल, तर चूक माझीच. ग्रुपवर मी विचारलं होतं, "आर्लिंग्टनला रोडिओची फायनल आहे, शनिवारी दुपारी. येणार का?" नंदूने लिहिलं, "बघू रे, येतोच." अबोलीने "ऑफ कोर्स!" म्हणून पुढे तीन घोडे टाकले. सई म्हणाली, "ट्राय करते, नक्की." झालं! मी बावळटासारखा सहा तिकिटं काढून मोकळा झालो. सलग, एका रांगेत. मी, नंदू, सई, आणि सिद्धेश-अबोली त्यांच्या वेदला घेऊन.

अर्विंगला आल्यापासून नऊ वर्षं आमचं चाललंय, एकदा रोडिओ बघायचा यार, टेक्ससच्या काउबॉयांच्या त्या घोड्या-बैलांवरच्या शर्यती. दर वर्षी काहीतरी निघायचं. कोणाकडे बाळंतपण, कोणाचे आईवडील आलेले, कोणाचं ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज. यंदा मात्र मला जायचंच होतं, कारण पुढच्या वर्षी मी इथे नव्हतो. मार्चमध्ये माझी नोकरी गेली. व्हिसावरच्या माणसाला दुसरी शोधायला साठ दिवस देतात, ते संपत आले होते. गुरुवारचं नागपूरचं तिकीट हातात होतं, फक्त जायचं, परतीचं नाही. आणि ग्रुपमध्ये हे कोणालाही माहीत नव्हतं.

सांगितलं का नाही? दोन वर्षांपूर्वी सिद्धेशची नोकरी गेली तेव्हा आम्ही सगळे त्याच्या घरी चेहरे पाडून बसून आलो होतो. परत येताना गाडीत मीच म्हणालो होतो, "बिचारा." त्याला पुढे दुसरी मिळाली, छान चाललंय त्याचं. पण तो शब्द मला स्वतःला नको होता. म्हणून ठरवलं, स्टेडियममध्ये सांगायचं. तिथे गोंगाट असतो, सगळ्यांच्या हातात नाचोज असतात, सल्ले द्यायला कोणाला सुचत नाही. सहज सांगून टाकायचं आणि मग सगळ्यांनी मिळून बैल बघायचे.

दीड वाजता मी गेटवर हजर. नंदूचा मेसेज, ग्रुपवर नाही, मला, "प्रॉडक्शन सर्व्हर डाउन आहे यार, ऑफिसात अडकलो." दहा मिनिटांनी अबोलीचाही तसाच, "वेदला कणकण आहे, सॉरी सॉरी सॉरी." सईने मात्र लिहिलं, "निघतेच आहे." मी आत जाऊन बसलो. खचाखच भरलेलं स्टेडियम, जिकडेतिकडे हॅट, खाली मातीचं मैदान, आणि माझ्या उजव्या हाताला पाच रिकाम्या खुर्च्या. एकीवर जॅकेट टाकलं, एकीवर पॉपकॉर्न ठेवलं. जागा धरायची सवय कुठे जाते!

तेवढ्यात पांढरी हॅट घातलेली एक आजी दोन नातींना घेऊन पायऱ्या उतरून आली. ॲमरिलोहून पाच तास ड्राइव्ह करून आल्या होत्या, जागा मिळाल्या पार छताखाली. तिथून मुलींना काही दिसत नव्हतं. "इथे कोणी आहे का?" तिने विचारलं.

"आहेत. येताहेत," मी ठासून सांगितलं.

"बरं हं, हनी," म्हणत ती पायरीवरच टेकली. अर्धा तास गेला. घोड्यांवरचे स्वार झाले, पिंपांभोवती घोडे पळवणाऱ्या बायका झाल्या, आणि ती म्हातारी आपली पायरीवर. मला माझीच लाज वाटली. म्हटलं, या, बसा. तिघींना पलीकडच्या खुर्च्या दिल्या. माझ्या शेजारची सईसाठी ठेवली.

फोन वाजला. सईचा मेसेज होता. "बाकीचे कुठे बसलेत?"

मी लिहिलं, "बाकी कोणी नाही. मी आहे."

"ओह. मग परत कधीतरी सगळे मिळून जाऊ ना? मी अजून घरीच आहे ॲक्चुअली."

म्हणजे मी कोणीच नाही? मी आहे असं लिहिलं होतं ना! फार लागलं मला ते. संताप आला, आणि तो ओसरल्यावर नुसतं एकटं वाटलं. शेजारच्या खुर्चीवरचं जॅकेट मी मांडीवर घेतलं.

मग बैल आले. आठ सेकंद टिकायचं, एका हाताने दोर धरायचा, दुसरा हात कशालाही लागला तरी बाद. एक जण तिसऱ्या सेकंदालाच उडाला, मातीत तोंडावर आपटला. उठून लंगडत आपली हॅट शोधायला लागला. माइकवरचा माणूस म्हणाला, "मंडळी, ह्याला आज काहीही मिळणार नाही. घरी नेईल त्या फक्त तुमच्या टाळ्या. हात आखडू नका." आणि अख्खं स्टेडियम उभं राहिलं. आठ सेकंद टिकलेल्यांनाही नव्हत्या एवढ्या टाळ्या. मीही वाजवत होतो, आणि डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

आजी सरकून शेजारी येऊन बसली. "तुझी माणसं नाही आली?"

"नाही. माझी नोकरी गेली. गुरुवारी मी परत चाललोय, कायमचा." दोन महिने घशात अडकलेलं एका अनोळखी बाईसमोर असं फटकन बाहेर पडलं.

ती बिचारा वगैरे म्हणाली नाही. "त्यांना माहीत आहे?"

"नाही."

"अरे, मग ते येतील कसे?"

खरंच की. मी ग्रुपवर लिहिलं, "नोकरी गेली. गुरुवारी नागपूरला परत, कायमचा. आज तेच सांगायला बोलावलं होतं. अजून तासभर इथेच आहे." अर्विंगहून यायला पंचवीस मिनिटं लागतात. फोन हातातच धरून बसलो.

रडक्या चेहऱ्यांची रांग आली. सिद्धेश, "काही लागलं तर हक्काने सांग." सई, "शॉक बसला. निवांत बोलू." अबोली, "असं कसं! नेक्स्ट संडे फेअरवेल करायचाच!" गुरुवारी जाणाऱ्या माणसाला रविवारी फेअरवेल. निघतो असं मात्र एकानेही लिहिलं नाही.

मग नंदूचा वेगळा मेसेज आला, फक्त मला. "फार वाईट वाटलं यार. बाय द वे, गाडीचं काय करतोयस? माझ्या कझिनला हवीय."

"प्रॉडक्शन?"

"झालं ते. तू स्टेडियमवरच ना? आत्ता निघतो, वीस मिनिटांत येऊन गाडीवर नजर टाकतो."

च्यायला! एक सणसणीत शिवी टाइप केली. तिच्याकडे बघत बसलो, मग पुसली आणि "ये" लिहिलं.

"काय झालं?" आजीने विचारलं.

"एक मित्र येतोय."

"बघ! सांगितलं नव्हतं मी?" तिने माझ्या गुडघ्यावर थाप मारली. तिला गाडीचं काही सांगितलं नाही. शेवटचे दोन स्वार अजून बाकी होते, पण मी उठलो आणि पार्किंगमध्ये जाऊन उभा राहिलो. एवढ्या हजारो गाड्यांत नंदूला माझी सापडली नसती, तर तो परत गेला असता.